ड्रोनला छप्पर दिसतं, हद्द नाही

गावठाणाची, म्हणजे गावातल्या घरांच्या जागेची, मोजणी ड्रोनने झाली की हद्दीची भांडणं मिटली, असं बरेच जण म्हणतात. इतकं सोपं नाही हो. इंग्रजांची मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. शेतांना सर्व्हे नंबर मिळाले, गावठाण मात्र आतून कोरंच राहिलं. ते भरायचा प्रयोग आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि २०२० मध्ये गावठाणातली घरं ड्रोनने मोजून मालकीचा कागद देणारी केंद्राची स्वामित्व योजना आली.

पण ड्रोनला छप्पर दिसतं, हद्द नाही. म्हणून उड्डाणाआधी चुन्याच्या रेघा मारतात, शेजाऱ्यांना समोर उभं करून. खरी मोजणी तिथेच होते. आमच्या आळीत एकाचा पत्रा भिंतीच्या हातभर पुढे आलेला. वरून घर तेवढं मोठं दिसणार, आणि पागोळीचं पाणी पडतं तीच जागा वादाची! काकांनी कुदळीने जुन्या जोत्याचा दगड उकरून दाखवला, तेव्हा कुठे रेघ मागे सरकली. चिंचेखालची रेघ तर फोटोत आलीच नाही, ती नंतर टेपने मोजली.

नियोजनासाठी मात्र हे काम सोन्यासारखं. ड्रोनचे फोटो काही भाग एकमेकांवर येईल असे घेतलेले असतात, त्यामुळे जमिनीचा चढउतारही कळतो. आमच्याकडे गटार वर्षानुवर्षं उलट्या उताराला काढलेलं होतं, हे गावाला तेव्हा दिसलं. (बायका आधीपासून सांगत होत्या, ते वेगळं.)

तुमच्या गावात मोजणीनंतरच्या हद्दीच्या आणि मालकीच्या चौकशीची तारीख लागली असेल तर घरातलं कुणीतरी प्रत्यक्ष जा. घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि वाटणीपत्र असेल तर तेही सोबत ठेवा.