डेंग्यूनंतर केस मुठीने जाताहेत. तेल बदलू, पाणी बदलू की तपासण्या करू?

रानजाई

नमस्कार मंडळी. वय ३४, पुण्यात राहते. ऐन गणपतीत डेंग्यू झाला, प्लेटलेट्स उतरल्या म्हणून दवाखान्यात राहावं लागलं. त्यातून बरी झाले, कामावर जायला लागले, आणि दिवाळीच्या सुमारास केस गळायला सुरुवात झाली. आधी फणीत थोडं जास्त गुंतवळ निघायचं. आता न्हायलं की मोरीची जाळी तुंबते. उशीवर केस, कणकेत केस, लेकीच्या डब्यातही निघाला. वेणी निम्म्यावर आली आहे.

चाई नाही, खाज नाही, कोंडा पूर्वीइतकाच. सगळ्या डोक्यावरून सारखेच जातात. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो. मूळच उपटून येतंय का, ही मोठी भीती आहे.

सासूबाईंच्या मते हे बोअरच्या पाण्यामुळे. उन्हाळ्यापासून सोसायटीत तेच येतं. बहीण कांद्याचा रस लाव म्हणते. पार्लरमधली ताई केराटिन (केस सरळ, मऊ करायची ट्रीटमेंट) करून घ्यायला सांगते. औषधाच्या दुकानात मिनॉक्सिडिलची बाटली आणि बायोटिनच्या गोळ्या हातात ठेवल्या, त्या अजून उघडलेल्या नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

संबंध आहे की नाही माहीत नाही, पण सांगून ठेवते. वर्षभर पाळीत अंगावरून खूप जातं. आम्ही शाकाहारी. जिना चढले की धाप लागते, ती डेंग्यूच्या अशक्तपणाची असावी असं मी धरून चालले आहे.

हे डेंग्यूमुळेच असेल तर आजारपणात न गळता आत्ता का? डॉक्टरांकडे जाण्याआधी कुठल्या तपासण्या करून ठेवू? आणि हे केस परत येतात का? घरी सगळे म्हणतात, जीव वाचला, केसांचं काय घेऊन बसलीस. खरं आहे ते, पण आरशासमोर उभी राहिले की रडू येतं. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

डोंगरवाट

ताई, टायफॉइडनंतर माझं अगदी असंच झालं होतं. सगळे परत आले. कपाळाच्या कडेला जावळासारखे बारीक केस उभे दिसायला लागले, तेव्हा जिवात जीव आला. गळतात म्हणून न्हाणं-विंचरणं लांबवू नका. सुटलेले केस जाणारच असतात, साठून एकदम निघाले की आणखी घाबरायला होतं.

शेवंती

मी त्वचारोग विभागात काम करते. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेला क्रम आमच्या फार ओळखीचा आहे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के कुठल्याही वेळी वाढत असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने वाढ थांबवून नुसता जागेवर राहतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच. जोराचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून झपाट्याने उतरवलेलं वजन, अशा वेळी शरीर एकदम पुष्कळ केसांची वाढ थांबवतं. ते त्याच दिवशी पडत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी पडतात. गणपती ते दिवाळी अंतर तेवढंच आहे. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. केस अचानक गळू लागले की आधी तीन महिने मागे जाऊन आठवायचं, तेव्हा काय घडलं होतं.

तो पांढरा ठिपका म्हणजे वाढ संपलेल्या केसाचं फुगीर टोक. मूळ टाळूतच शाबूत असतं आणि नवा केस तिथूनच येतो. अशी गळती बहुधा सहा महिन्यांत ओसरते. केस मात्र महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, त्यामुळे वेणी पहिल्यासारखी व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज लागेल.

एवढंच असतं तर धीर धरा म्हणून थांबले असते. पण पाळी आणि धाप या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. पाळीत रक्त जास्त गेलं की लोह कमी होतं, त्याने धाप लागते आणि केसही गळू शकतात. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइड) करून घ्या. शाकाहारी आहात म्हणून बी-१२ सुद्धा. फेरिटिनवरून शरीरात लोह किती साठलंय ते कळतं. हिमोग्लोबिन बरं असलं तरी हा साठा तळाला गेलेला असू शकतो. आजारपणातलं फेरिटिन धरू नका, तापात तो आकडा वर जातो. बायोटिन रक्त देण्याआधी अजिबात घेऊ नका. त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि बायोटिनची खरी कमतरता मुळात विरळा.

मिनॉक्सिडिल चांगलं औषध आहे, पण ते प्रामुख्याने आनुवंशिक विरळपणासाठी. त्यात बायकांचा भांग हळूहळू रुंद होत जातो. ते लावल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढू शकते, परिणाम कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवलं की मिळवलेलं जातं. तुमचा भांग डॉक्टरांना बघू दे, मग ठरवा. केराटिन आत्ता नकोच. त्यातल्या बऱ्याच द्रावणांतून तापवताना फॉर्मल्डिहाइड निघतो. कांद्याच्या रसाने टाळूची आग होते, या गळतीवर तो उपाय नाही. घट्ट अंबाडा टाळा, सैल वेणी घाला.

पूर्णाकाठ

पाण्याबद्दल लिहितो. जड पाण्याने केस राठ होतात आणि मधेच तुटतात. तुटलेल्या केसाला तो पांढरा ठिपका नसतो, तुमच्या केसांना आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात २०२४ च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांना थोड्याच दिवसांत टक्कल पडलं, तेव्हाही पहिला संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला होता. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची पथकं आली. पुढे महाडचे डॉक्टर-संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासलेल्या नमुन्यांत सेलेनियम फार जास्त निघालं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. तुमचा प्रकार वेगळा आहे. पण केसांसाठीच्या गोळ्यांत सेलेनियम, अ जीवनसत्त्व घातलेलं असतं, आणि ही दोन्ही जास्त झाली तर केसच गळतात. कमतरता कळल्याशिवाय दोन-तीन डब्या एकदम सुरू करू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १०.२, फेरिटिन ८, म्हणजे दोन्ही कमी. बी-१२ आणि टीएसएच ठीक. डॉक्टरांनी केस हलकेच ओढून पाहिले, भिंगातून भांग पाहिला, आणि आनुवंशिक विरळपणा दिसत नाही म्हणाले. मिनॉक्सिडिल नको, लोहाच्या गोळ्या चालू. पण या गोळ्यांनी पोट फार कडक होतंय. अळिवाचे लाडू आणि पालेभाज्यांवर भागणार नाही का?

शेवंती

फेरिटिन ८ असताना नुसत्या आहारावर भागणार नाही. अळीव, पालेभाज्या, हरभरे जरूर खा, वर लिंबू पिळा, पण गोळी सोडू नका. गोळी चहा, कॉफी, दूध यांच्यासोबत घेऊ नका, मधे निदान तासभर जाऊ द्या. एक दिवसाआड घेतली तरी लोह चांगलं शोषलं जातं आणि पोटालाही सोसतं. तसं चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच थांबवू नका, साठा भरायला त्यापुढेही साधारण तीन महिने लागतात.

आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या. इतकं का जातंय हे सोनोग्राफी करून पाहायला हवं, गर्भाशयात गाठ असू शकते. रक्त तिकडून जात राहिलं तर गोळ्या पुरणार नाहीत. रिपोर्ट आला की इथे लिहा.