चांदोलीत ‘काहीच दिसत नाही’, हा आक्षेप कितपत खरा?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून माझी धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुले आमच्याकडे येणार आहेत. थोरला भाचा सातवीत आहे आणि भाची तिसरीत. आमची आईही सोबत असेल. तिला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. गणपती मंदिर, हरिपूरचा संगम, औदुंबर आणि नरसोबाची वाडी ही ठिकाणे या मंडळींनी अनेकदा पाहिली आहेत. महाराष्ट्रातल्या सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी एक, चांदोली, आपल्या शिराळा तालुक्याच्या टोकाला असताना ते एकदाही दाखवू नये, हे मला बरे वाटत नाही.

अडचण अशी आहे की मेहुणे ताडोब्याला जाऊन आलेले आहेत आणि तिथे त्यांना रस्त्यावर बसलेली वाघीण निवांत पाहायला मिळाली. इकडे चांदोलीला गेलेल्या माझ्या दोन सहकाऱ्यांनी मात्र ‘नुसती झाडे आणि धूळ, काहीच दिसत नाही, पैसे फुकट गेले’ असे स्पष्ट सांगितले. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांचे मत मला हवे आहे. हा आक्षेप खरा असेल, तर मुले कंटाळणार नाहीत असे दुसरे कोणते जंगल सांगली-साताऱ्यात आहे, तेही सुचवावे.

दुर्बीण (मिरज)

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. वाघ पाहणे हाच हेतू असेल तर ताडोबा किंवा पेंच गाठावे. चांदोलीत त्या आशेने गाडीत बसणारा माणूस निराश होऊनच परततो. हे निघण्यापूर्वीच मुलांना आणि विशेषतः मेहुण्यांना सांगून ठेवा, म्हणजे सहलीचा निम्मा रुसवा टळेल. माझ्यापुरते म्हणाल तर मी तिथे पक्ष्यांसाठी जातो आणि मला ते जंगल कधीही रिकामे वाटलेले नाही.

वारणाकाठ (शिराळा)

‘काहीच दिसत नाही’ असे म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही, कारण त्यांना ताडोब्याचे गणित लावून चांदोलीला पाठवलेले असते. ताडोब्याचे जंगल पानगळीचे आहे. उन्हाळ्यात तिथे पाने झडतात, दूरवर नजर जाते, पाणवठे मोजके उरतात आणि तहानलेली जनावरे त्यांच्याभोवती गोळा होतात. चांदोली पडते सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर. इथे जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा अशी सदाहरित आणि निमसदाहरित झाडी असल्यामुळे रस्ता सोडला की दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. मुसळधार पावसामुळे डिसेंबरातही ओढ्या-ओढ्याला पाणी असते, त्यामुळे कोणत्याही जनावराला ठरावीक जागी येण्याची गरज पडत नाही. गवा वीस फुटांवर उभा असतो आणि गाडी त्याच्या अंगावरून वारे जावे तशी निघून जाते. जनावर तिथे असते, पण ते पाहण्याची सोय निसर्गाने केलेली नाही.

वाघाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मुले पहिला प्रश्न तोच विचारतील. चांदोली १९८५ साली अभयारण्य झाले आणि २००४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला; क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. उत्तरेकडचे कोयना अभयारण्य आणि हे उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. नावात वाघ आला, तरी पुढे कितीतरी वर्षे त्याचा वावर पाऊलखुणा, विष्ठा आणि एखाद्या छायाचित्रापुरताच होता. २०२३च्या डिसेंबरात इथल्या कॅमेऱ्यात नर वाघ टिपला गेला आणि २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्याच्या जंगलातली एक वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. मेहुण्यांना हे अवश्य सांगा; त्यांच्या ताडोब्याची लेक आता आमच्या शिराळ्याकडे नांदायला आली आहे. ती दिसेल अशी आशा मात्र धरू नका.

मग पाहायचे काय? मणदूरच्या बाजूने आत गेल्यावर जनीचा आंबा आणि पुढे झोळंबीचा सडा लागतो. सड्यावर पोहोचल्यावर झाडी एकदम संपते आणि जांभ्या दगडाचे उघडे पठार समोर येते. तिथून वारणेवरच्या धरणाचा वसंतसागर आणि घडीवर घडी घातलेले डोंगर दिसतात. गवे दिसण्याची शक्यता अशा मोकळ्या गवताळ जागांवर अधिक, तीही पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी बारा वाजता आत शिरून जनावरे का दिसली नाहीत, असे विचारण्यात अर्थ नाही.

मुलांना एक काम द्या. शेकरू हा आपला राज्यप्राणी आहे आणि त्याची काटक्या-पानांची गोल घरटी उंच फांद्यांच्या टोकांना दिसतात. ती शोधायला लावा. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, हे सांगितल्यावर ती मोजण्याची चढाओढ लागेल. वाटेतल्या मऊ मातीत सांबर, भेकर आणि गव्याचे खूर वेगवेगळे ओळखता येतात. अस्वलाने उकरलेली वारुळे गाइड दाखवतो. वानरांनी अचानक खाकरायला सुरुवात केली किंवा भेकर भुंकले, तर गाडी बंद करून पाच मिनिटे गप्प बसायचे, एवढा एक नियम पाळा. बिबट्याचा सुगावा बहुधा असाच लागतो. बहुतेक गाड्यांतून त्या वेळी गाण्यांचा किंवा वेफर्सच्या पुड्यांचा आवाज येत असतो आणि मग परत आल्यावर ‘काहीच नव्हते’ हा निष्कर्ष निघतो.

आईंना गाडीत बसून बरेच पाहता येईल. रस्ता कच्चा आहे, त्यामुळे पाठीला उशी घ्या.

अजिंक्यतारा (सातारा)

शिराळकरांनी जंगलाची बाजू नेमकी मांडली आहे. मी कोयनेची बाजू मांडतो. पाण्यातून जंगलाकडे जाण्याची मजा मुलांना अधिक भावेल, असे मला वाटते. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला उतरायचे आणि तिथून शिवसागर जलाशयातून बोटीने वासोट्याच्या पायथ्याशी जायचे. किल्ला कोयना अभयारण्यात असल्यामुळे वनखात्याची परवानगी लागते, मुक्कामाला बंदी आहे आणि संध्याकाळपूर्वी परतीची बोट धरावीच लागते. चढ दाट झाडीतून आहे. सातवीतला मुलगा तो सहज चढेल, तिसरीतल्या मुलीला मध्येमध्ये बसू द्यावे लागेल. माथ्यावरून दिसणारा बाबूकडा ज्याने पाहिला, तो वाघ दिसला नाही म्हणून तक्रार करत नाही. आईंना मात्र हा बेत झेपणार नाही. त्यांना बामणोलीच्या काठावर कोणाच्या तरी सोबतीने थांबवावे लागेल आणि मग सहल दोन तुकड्यांत विभागली जाईल.

डिसेंबरात कासला फुले शोधू नका. तो हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धातला असतो.

आणखी एक गोष्ट, थोडी विषयाला सोडून. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चारही ठिकाणे २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, याचा अभिमान आपण भाषणांत पुष्कळ बाळगतो. बामणोलीच्या काठावर रविवारी संध्याकाळी पडलेल्या पाण्याच्या बाटल्या पाहिल्या, तर वारशाची जबाबदारीही युनेस्कोनेच घेतली आहे, असा आपला समज असावा असे वाटते.

वसाहतवाला (वाळवा तालुका)

‘गवताळ जागांवर गवे दिसतात’ असे वर लिहिले आहे, ते खरे आहे. ती जागा गवताळ का आहे, हेही पाहुण्यांना सांगावे, एवढ्यासाठी लिहीत आहे. चांदोलीतल्या अशा कित्येक सपाट तुकड्यांवर पूर्वी भाताची खाचरे होती आणि उतारांवर नाचणी, वरी पिकत असे. आधी धरणासाठी आणि मग अभयारण्यासाठी गावे उठली. आमचे घराणे त्यांपैकीच एका गावचे. माझ्या आजोबांनी बांध घातलेल्या खाचरात आज गवे चरतात. मी स्वतः तिथे गाडीतून, गाइडसोबत, तिकीट काढून गेलो आणि माझ्या शेजारी बसलेले पर्यटक ‘किती सुंदर नैसर्गिक कुरण आहे’ असे म्हणत होते.

जंगल नको असे माझे म्हणणे नाही. माणूस आणि गुरे निघाल्यावर तिथे सांबर-गवे वाढले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत, हेही मला समजते. परंतु पुनर्वसनाच्या वसाहतीत आल्यावर जमिनी मिळण्यासाठी, मिळालेल्या जमिनीला पाणी येण्यासाठी आमच्या वडिलांच्या पिढीचे आयुष्य खर्ची पडले. गावदेवाच्या दर्शनालाही आता परवानगी घेऊन जावे लागते. सफारीत सांगितल्या जाणाऱ्या माहितीत वाघ, गवा, धनेश यांना जेवढा वेळ मिळतो, त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा वेळ या गावांना मिळाला, तरी मला पुरेल. तुमच्या भाच्यांना जोत्यांचे दगड, आंब्या-फणसाची जुनी झाडे आणि बांधांच्या रेषा दाखवा. हे जंगल कसे झाले, ते त्यांना त्यावरून कळेल.

वारणाकाठ (शिराळा)

तुमचे म्हणणे मान्य आहे. मी फक्त एवढेच जोडतो की मणदूर परिसरातले अनेक गाइड आणि गाडीवाले याच पंचक्रोशीतले आहेत. त्यांना आपण होऊन विचारले, तर कोणत्या ओढ्याला कोणत्या गावाचे पाणवठे होते, इथपर्यंत ते सांगतात. पर्यटक विचारत नाहीत, म्हणून तेही बोलत नाहीत.

बाईंची शाळा (कडेगाव)

मुले लहान आहेत आणि आजी सोबत आहेत, हे पाहता सागरेश्वरचा विचार कोणीच कसा सुचवला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ते राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे आणि तेही जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे; पण सांगलीहून जवळ आहे आणि तिथे हरणे दिसण्याची शक्यता चांदोलीपेक्षा कितीतरी अधिक आहे. मी शाळेच्या सहली तिथे नेते. चितळांचा कळप दिसला की वर्गातला सर्वांत दंगेखोर मुलगाही आपोआप कुजबुजत बोलू लागतो.

या जागेचे महत्त्व वेगळे आहे. हे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तिथे झाडे लावली गेली, जनावरे आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य घोषित झाले. चांदोलीत माणूस बाजूला झाल्यावर जंगल वाढले, इथे माणसाने लावल्यावर ते उभे राहिले. मुलांना दोन्ही दाखवता आले तर उत्तमच. वरच्या टोकावरून कृष्णेचे पात्र आणि उसाची शिवारे दिसतात. त्या शिवारांत हरणे उतरतात, त्यामुळे आसपासच्या शेतकऱ्यांचा त्यांच्यावर राग आहे, हेही मी मुलांना सांगते. पायथ्याला सागरेश्वरची जुनी मंदिरे आहेत आणि शेजारी देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. आजींचा दिवस तिथे छान जाईल. पाण्याच्या बाटल्या भरून न्या आणि माकडांसमोर डबा उघडू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. इतके तपशीलवार उत्तर मिळेल, असे वाटले नव्हते. आता एक दिवस आईसह सागरेश्वर आणि देवराष्ट्रे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून चांदोली, असे ठरवतो. वासोटा मुले मोठी झाल्यावर. वसाहतवाल्या दादांचा मजकूर मी मेहुण्यांना पाठवला. त्यांनी ताडोब्याच्या गाभ्यातल्या गावांचे काय झाले, असे मला उलट विचारले आहे. चांदोलीसाठी आदल्या रात्री शिराळ्यात राहावे की सांगलीहूनच पहाटे निघावे? आणि स्वतःची गाडी आत नेता येते का?

वारणाकाठ (शिराळा)

सांगलीहून इस्लामपूर, शिराळा, कोकरूड, आरळा असा रस्ता आहे आणि थंडीत शिराळ्याच्या पुढे धुके असते. मुले सोबत असताना त्या अंधारात गाडी हाकण्यापेक्षा आदल्या रात्री शिराळ्यात किंवा वारणावतीच्या आसपास मुक्काम करा. वाहनाचे, शुल्काचे आणि बंद वाराचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी वारणावतीच्या वन कार्यालयात विचारून घ्या आणि मगच मुक्कामाचे पैसे भरा. मोठी मोटार न नेता स्थानिक जीप घेतलेली बरी. तिची उंची कच्च्या रस्त्याला सोयीची पडते आणि चालवणाऱ्याला प्रत्येक वळण ठाऊक असते. कपडे मातकट रंगाचे, अत्तर नको, आणि पहाटेच्या थंडीसाठी सगळ्यांना कानटोप्या. मोबाइलला आत रेंज मिळेल असे गृहीत धरू नका, घरी तसे आधीच सांगून ठेवा.

मेहुण्यांचा प्रश्न रास्त आहे. ताडोब्याच्या गाभ्यातूनही गावे बाहेर काढण्यात आली आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा, तिकडची माणसे लिहितील.