नाव तेच, पण वॅट किती?

गेमिंग लॅपटॉप घेताना ‘४०५० कार्ड असलं की झालं, मग जो स्वस्त मिळेल तो घ्या’ असा सल्ला मिळतो, तो मला अर्धाच पटला. आरटीएक्स ४०५० हे ग्राफिक्स कार्डचं नाव सगळीकडे एकच, पण लॅपटॉपमध्ये त्याला किती वीज द्यायची हे बनवणारी कंपनी ठरवते: ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही. पातळ, देखण्या मॉडेलमधलं कमी वॅटचं कार्ड गेममध्ये जाड्या भावापेक्षा बरंच मागे पडतं. हा आकडा बाहेरच्या स्टिकरवर सहसा नसतो. कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये ‘टीजीपी’ (म्हणजे ग्राफिक्स कार्डला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात तो आकडा) शोधायचं.

पुतण्या फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. त्याच्यासाठी पणजीत दुकानं पालथी घातली तेव्हा टीजीपी म्हटल्यावर सेल्समन माझ्याकडेच बघत राहिला. मग मी सरळ चार्जर मागितला. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात आउटपुट २० व्होल्ट, ६ अँपिअर. म्हणजे १२० वॅट, आणि त्यातच प्रोसेसर, स्क्रीन, पंखे सगळ्यांचं भागवायचं! अशा चार्जरवर ११५ वॅटचं कार्ड पूर्ण जोरात चालणार कुठून? पुढच्या दुकानात २३० वॅटचा विटेएवढा चार्जर निघाला, तोच लॅपटॉप घेतला. वजन जास्त आहे, पोरगं बसमध्ये कुरकुरतं. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे ना, तेही विचारून घ्या; आठ जीबीची दुसरी पट्टी नंतर टाकता येते. आणि पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आपल्याकडे चपलांनाही बुरशी येते.