ऊद वाद्य घरीच शिकायचंय: कोणतं घ्यावं, सुरुवात कुठून करावी?

सायंस्वर
इराकी वादक मुनीर बशीर यांचं एकल वादन ऐकल्यापासून ऊद, म्हणजे ते बिनपडद्याचं अरबी-तुर्की तंतुवाद्य, शिकायचं डोक्यात पक्कं बसलंय. शिक्षक मिळणं शक्य नाही, त्यामुळे सगळं घरी, ऐकून आणि व्हिडिओ बघून. आधीची तयारी म्हणजे थोडी गिटार. हात लहान आहेत. बजेट नवशिक्याच्या साध्या वाद्याचंच, त्यातच वाद्य ठेवायची पेटी आणि तारांचा जादा संच बसवायचा आहे. बनवून घेणं परवडणार नाही. अरबी घ्यावं की तुर्की? आणि पडदेच नाहीत तर सूर कसा सापडतो?

कोमल_धैवत
कारागिराकडूनच बनवून घ्या. माझ्या वाद्याच्या गोल पाठीच्या पट्ट्या (बरगड्या) अक्रोडाच्या आहेत, तबली म्हणजे पुढची फळी स्प्रूसची. पहिल्या दिवसापासून खर्जाची तार छातीत घुमते. स्वस्त वाद्यावर शिकणारे कंटाळून सोडून देतात, हे मी बघितलंय. थोडं थांबा, पैसे साठवा, पण घ्याल ते चांगलंच घ्या.

खुंटीपीडित
धागाकर्तीने बजेट स्पष्ट लिहिलंय हो.

सायंस्वर, नक्षीला भुलू नका. मला ऑनलाइन मिळालेल्या वाद्यावर शिंपल्यांचं काम होतं, पण खुंट्या धड गोल नव्हत्या. विकणाऱ्याने वर चक्क स्टीलच्या तारा चढवल्या होत्या. त्या ताणाने घोडी (तारा अडकवायची लाकडी पट्टी) तबलीवरून उखडली आणि सोबत लाकडाची सालही घेऊन आली. ऊदला नायलॉनच्या आणि तलम धाग्यावर धातू गुंडाळलेल्या ऊदच्याच तारा लागतात, गिटारचा संच नाही.

बघायला जाल तेव्हा एवढं बघा: दांडी सरळ आहे का, घोडीच्या मागे फट दिसते का, खुंटी फिरवून सोडली की जागेवर राहते का. दांडी आणि तबली जुळतात तिथे तार साधारण ३ मिमी उंच असावी. माझ्या वाद्यावर ती याच्या दुप्पट होती, बोटं सोलून निघायची.

मंद्रसप्तक
अरबीच घ्या. तारेची लांबी ६१ सेंमीच्या आसपास, आवाज भारदस्त. पाच जोड्या आणि खर्जाची एक सुटी, अशा अकरा तारा. खर्जापासून वर सा म ध रे अशी गणितं करत बसू नका, पाश्चात्त्य नावांनीच लावा: सी, एफ, ए, डी, जी, सी. शिकवणीचे बरेच अरबी व्हिडिओ तारांच्या याच लावणीत आहेत.

रीशाधारी
लहान हातांना अरबी? तुर्की ऊदची तार ५८.५ सेंमी असते आणि तो अडीच सेंमीचा फरक करंगळीला कळतो. आवाजही जास्त उजळ. लावणी अरबीपेक्षा एक सूर वर.

मंद्रसप्तक
अडीच सेंमीने काही होत नाही. सरावाने हात उघडतो. माझेही हात लहानच आहेत.

बगदादी
मुनीर बशीर आवडतात म्हणताय, मग इराकी घडणीचं, सुट्या घोडीचं घ्या! तिच्यात तारा वाद्याच्या बुडाशी अडकवतात आणि घोडी व्हायोलिनसारखी फक्त ताणावर उभी असते. वरची तार एफपर्यंत चढवतात, म्हणून तो धारदार नाद येतो. या घराण्याचं मूळ म्हणजे शरीफ मुहीद्दीन तार्गान (१८९२–१९६७). ते तुर्क, त्यांनी बगदादला येऊन शिकवलं. जमील आणि मुनीर हे बशीर बंधू त्यांचेच शिष्य.

रीशाधारी
म्हणजे मुळाशी तुर्कच निघाले.

बगदादी
वादनाचं तंत्र त्यांचं, पण मकामची (म्हणजे अरबी रागांची) जाण इराकची. आणि तार्गान चेलोही वाजवायचे, ते त्यांच्या डाव्या हातात दिसतं.

सतारप्रेमी
आधी दोनेक वर्षं पडद्यांचं वाद्य शिका. कान तयार होईल, मग ऊद.

श्रुतिपेटी
सतारप्रेमी, असहमत. पडद्यावर बोट सूर शोधत नाही, पडदाच तो देतो. बिनपडद्याचं शिकायचं तर पहिल्या दिवसापासून बिनपडद्याचंच.

सायंस्वर, सूर असा सापडतो. तंबोऱ्याचं अॅप जी किंवा डीवर लावून ठेवा. उंच सुराकडून दुसरी जोडी जी. तिच्यावर पहिल्या बोटाने पूर्ण सूर वर जा, ए येईल. तो खर्जाकडच्या मोकळ्या एशी सप्तकात जुळला पाहिजे. जुळला की ती मोकळी तार आपोआप थरथरते, न छेडता. डीच्या जोडीवर करंगळीने जी काढा आणि शेजारच्या मोकळ्या जीशी ताडून बघा. बहुतेक वाद्यांत दांडी तारेच्या लांबीच्या एक तृतीयांश असते, म्हणून दांडी जिथे तबलीला भिडते तिथे त्या तारेचा पंचम येतो. एवढ्या खुणा कानात बसल्या की दांडीवर चिकटपट्ट्या लावाव्या लागत नाहीत. वाद्य वाकवून दांडीकडे बघायची सवय तर लावूच नका. तबली उभी राहू द्या, उजव्या कोपराने वाद्य धरा.

आता उजवा हात, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. रीशा, म्हणजे तार छेडायची पट्टी, लांब असते. ती मुठीत धरायची, मनगट किंचित वळवायचं आणि वरून खाली आघात करून खालच्या जोडीवर टेकायचं. सुरुवातीला नुसत्या मोकळ्या तारा, फक्त खालचे आघात, लयीत. पूर्वी गरुडाचं पीस वापरत, आता प्लॅस्टिक चालतं. केबल टाय कापून, टोक घासून केलेली रीशा उत्तम वाजते.

भैरवप्रेमी
रागसंगीत ऐकणाऱ्यांना मकाम सोपे जातील. हिजाझ म्हणजे भैरवाचा पूर्वांगच, सा कोमल रे, ग, म. कुर्द म्हणजे भैरवीचा.

श्रुतिपेटी
कागदावर तसंच. वाजवताना अरब वादक हिजाझचा रे किंचित चढा आणि ग किंचित उतरता ठेवतात, त्यामुळे मधलं अंतर कमी होतं. आणि रास्त मकामचा गंधार कोमल-शुद्धच्या मध्ये, तो भैरवातून मिळायचा नाही. रोज ऐकूनच तो येतो. फरीद अल-अत्रश, रियाद अल-सुनबाती, या दोघा ऊदवादकांना ऐका. त्या-त्या मकामचे दूलाब आधी बसवा, छोट्या सुरावटी असतात. दहा मात्रांची समाई ही मोठी वाद्यरचना नंतर.

खुंटीपीडित
वाद्य मात्र नीट बघून घ्या. स्टीलच्या तारा नकोत.

कोमल_धैवत
म्हणूनच म्हणतोय, बनवून घ्या.

सायंस्वर
सगळ्यांचे आभार. ठरलं. वापरलेलं तुर्की घेतेय, घोडी पक्की चिकटवलेली. दोन्ही मांडीवर घेऊन बघितली. अरबीवर करंगळी पोचत नव्हती, यावर पोचते. तबलीला कडेशी जुनी दुरुस्त केलेली चीर आहे, पण दांडी सरळ आणि जोडापाशी तार ३ मिमीच्या आत. लावणी मात्र अरबीच ठेवणार, व्हिडिओंसोबत वाजवता यावं म्हणून.

मंद्रसप्तक
चीर असलेलं नको होतं घ्यायला.

रीशाधारी
तुर्कीवर अरबी लावणी! तारा ढिल्या पडतील.

श्रुतिपेटी
तुर्की संच उतरवून लावला तर पडतील. ५८.५ लांबी आणि अरबी लावणी असं दोन्ही लिहून संच मागवा, त्या तारा जाड असतात. चिरेसाठी पेटीत आर्द्रतामापक ठेवा, ४५–५० टक्के राहू द्या. खुंट्या सरकल्या तर खडू, घट्ट बसल्या तर कोरडा साबण.