नेट नसलेल्या नव्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर कसं न्यायचं? जाणकारांनी अनुभव लिहा

मशीन बेळगावात घेतलं आणि जांबोटी, कणकुंबीकडं नेलं की रेंजचा भरवसा राहत नाही. सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरच न्यावं लागतं. काय मागं राहतं, कुठं अडतं, नेमकं लिहा.

खानापूर, शाळांच्या लॅबची कामं

जुन्या मशीनवरचं प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर उचलून टाकलं तर बहुतेक सॉफ्टवेअर चालत नाही. त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत असतात, काही डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या मदतनीस फाइली) सिस्टिमच्या फोल्डरात असतात. म्हणून सेटअपच न्या, आणि तोही पुरा. क्रोम, फायरफॉक्सच्या साइटवर समोरच्या बटणानं उतरते ती छोटी फाइल नुसती डाउनलोडर असते, उघडली की नेट मागते. ऑफलाइन किंवा स्टँडअलोन इन्स्टॉलर वेगळा शोधून घ्या. साइझ बघितली की फरक कळतोच. निघण्याआधी नेट बंद करून दुसऱ्या एखाद्या मशीनवर तो सेटअप चालवून बघा.

निपाणी, हार्डवेअर दुरुस्ती

सगळ्यात आधी ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवायला विंडोजला लागणारी सॉफ्टवेअर. फॉरमॅट मारायचा असेल तर त्याच मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्म या विंडोजच्या कमांडचा एक्सपोर्ट-ड्रायव्हर पर्याय वापरा आणि विंडोजसोबत न येणारे सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवा. फॉरमॅटनंतर पीएनपीयुटिल या कमांडला ॲड-ड्रायव्हर, सबडिर्स आणि इन्स्टॉल हे पर्याय दिले की ते एकदम बसतात. मॉडेल वेगळं असेल तर हे उपयोगाचं नाही. मग कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबरप्रमाणे चिपसेट, लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर घ्या.

चिकोडी, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बसवणं

जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर डॉटनेट ३.५ हा मायक्रोसॉफ्टचा जोडभाग मागतात. विंडोज १० मध्ये ते बंद असतं, चालू करायला गेलं की अपडेट सर्व्हरकडं जातं आणि ०x८००एफ०९०६ सारखी एरर देऊन थांबतं. विंडोजचा आयएसओ (पूर्ण इन्स्टॉलेशन डिस्कची एकच फाइल) सोबत ठेवा. त्यातल्या सोर्सेस फोल्डरात एसएक्सएस नावाचं फोल्डर आहे. डिस्मला एनेबल-फीचर सांगताना सोर्स म्हणून तो रस्ता द्या आणि लिमिटॲक्सेस लावा, म्हणजे नेटकडं जात नाही. आयएसओ मशीनवरच्याच आवृत्तीचा पाहिजे. विनव्हर चालवून आवृत्ती बघा, नाहीतर तिथंही अडतं.

दुसरं, व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (बऱ्याच प्रोग्रामना लागणाऱ्या डीएलएलचं पॅकेज) ३२ आणि ६४ बिट दोन्ही न्या. विंडोज ६४ बिट असली तरी ३२ बिट प्रोग्रामला ३२ चंच लागतं. 'व्हीसीरनटाइम१४० सापडत नाही' असं आलं की एकटं डीएलएल कुठल्या तरी साइटवरून आणून टाकू नका. मायक्रोसॉफ्टचं पूर्ण पॅकेज बसवा.

बेळगाव, डीटीपी

निपाणीच्या दादांनी ड्रायव्हरचं सांगितलं, तसंच इथं फॉन्टचं आहे. मराठी-कन्नड दोन्ही काम करणाऱ्यांनी हे नीट बघा. नव्या विंडोजमध्ये निर्मला यूआय आधीच असतो, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही दिसतं. पण मंगल, कोकिळा आणि कन्नडचा तुंगा हे पुरवणी फॉन्ट वेगळे उतरवावे लागतात. ते नसले तर जुनी फाइल दुसऱ्या फॉन्टात उघडते, ओळी सरकतात, पानं बदलतात. पत्रिका किंवा हँडबिल छापायला असेल तर हे परवडत नाही. नेट आहे तिथंच सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी आणि कन्नडचे पुरवणी फॉन्ट उतरवून मगच मशीन न्या.

कन्नडच्या जुन्या नुडी किंवा युनिकोडआधीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसला तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. असे फॉन्ट शोधताना विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरावर थांबू नका. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून नुसतं 'इन्स्टॉल' दाबलेले फॉन्ट त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरात जातात. नव्या मशीनवर राइट क्लिक करून 'सगळ्या युजरसाठी' बसवा.

गोकाक, उबुंटू

उबुंटूत सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या एपीटी कमांडला डाउनलोड-ओन्ली दिलं की डेब, म्हणजे पॅकेजच्या फाइली व्हार, कॅश, एपीटी, आर्काइव्ह्ज इथं साठतात. तिथून नेऊन डीपीकेजी कमांडनं सगळ्या एकदम बसवा. जे पॅकेज नेटवाल्या मशीनवर आधीच बसलेलं असतं ते पुन्हा उतरत नाही, म्हणून हे ताज्या बसवलेल्या आणि त्याच आवृत्तीच्या उबुंटूवर करा.

खानापूर, परत

पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर जात नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. कॉपीनंतर सर्टयुटिल कमांडच्या हॅशफाइल पर्यायानं दोन्हीकडचा शा२५६ (फाइलमधून काढलेला ओळखीचा कोड) जुळवा. मोठे आयएसओ कधी अर्धवट कॉपी होतात आणि नावावरून कळत नाही. डिफेंडरची ऑफलाइन अपडेट फाइल मात्र निघायच्या दिवशीच उतरवा. बऱ्याच लायसन्सवाल्या सॉफ्टवेअरचं ॲक्टिव्हेशन नेट मागतं, ते बेळगावातच उरका.