बहाव्याच्या बिया भिजवल्या, निम्म्या फुगल्या, निम्म्या दगड! काय चुकलं?

प्रश्न (अंगणातली रोपं):
पावसाळ्यात गावच्या टेकडीवर देशी झाडं लावायचीयेत म्हणून बहावा आणि करंज दोन्हीच्या बिया 3 दिवस बादलीत भिजत घातल्या. बहाव्याच्या काही फुगून बुळबुळीत झाल्या, बाकीच्या होत्या तशाच कडक. करंजाच्या सगळ्या फुगल्या पण पाणी गढूळ झालं, वास मारतंय, आणि मातीत लावलेल्यातल्या बऱ्याच कुजल्या. आतमध्ये नक्की होतं काय?

गावठी बियाणं:
ताई, कडक राहिल्यात त्या मेलेल्या नाहीत, मुगातले गणंग असतात ना तसंच आहे हे. बहाव्याच्या टरफलात पेशींचा इतका घट्ट थर असतो की पाणी आत शिरतच नाही. कोंबाचं टोक सोडून दुसऱ्या बाजूला पॉलिश पेपरवर घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा, नाहीतर उकळतं पाणी ओतून ते गार होईपर्यंत तसंच राहू द्या. करंजाला यातलं काही लागत नाही, एक रात्र भिजवलं तरी पुरे.

प्रयोगशाळेतला:
वरचं बरोबर आहे, त्यात थोडी भर. पहिले काही तास बी स्पंजासारखं पाणी ओढतं, मेलेलं बीसुद्धा फुगतं, म्हणजे फुगलं म्हणजे रुजलं असं नाही. सुक्या पेशींची आवरणं तेव्हा नीट जुळलेली नसतात म्हणून साखर आणि क्षार बाहेर झिरपतात आणि त्याच्यावर जिवाणू वाढतात, तुमच्या पाण्याला वास तिथून आला. मग पाणी ओढणं मंदावतं आणि खरं काम सुरू होतं, श्वसन वाढतं, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) दुरुस्त होतात, बी रुजवणारं संप्रेरक जिबरेलिन जोर धरतं, झोपवून ठेवणारं अॅब्सिसिक आम्ल कमी होतं, एन्झाइम तयार होतात. बहाव्यातला बुळबुळीत थर म्हणजे गॅलॅक्टोमॅनन, साखरेच्या लांब साखळ्यांचा साठा, तो पाणी धरून ठेवतो आणि एन्झाइम तो तोडून गर्भाला साखर पुरवतात. करंजात साठा मुख्यतः तेलाचा, त्याची आधी साखर करावी लागते, आणि त्या कामाला ऑक्सिजन भरपूर लागतो. बादलीच्या तळाशी ऑक्सिजन कुठून मिळणार, मग बी आंबवण्यावर जातं, अल्कोहोल साचतं आणि ते कुजतं. आपण मटकी रात्रभर भिजवतो आणि निथळून फडक्यात बांधतो, पाण्यातच ठेवून मोड काढत नाही, अगदी तसंच करा.

गावठी बियाणं:
आणि जांभळाच्या बिया असतील तर त्या सुकवू नका हां! बहाव्याचं बी कोरडं वर्षानुवर्षं टिकतं, जांभळाचं सुकलं की मरतं, फळ खाल्लं की धुवून लगेच मातीत.

अंगणातली रोपं:
दादा, काल रात्री 12 बिया घासून वाटीत टाकल्या, सकाळी बाराही फुगलेल्या, आकाराने जवळपास दुप्पट! निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात. जांभळाच्या बिया चार दिवसांपासून गच्चीवर उन्हात पसरल्या होत्या, आत्ता उठून गोळा करून आणते, काही वाचल्या असतील तर आजच पिशव्यांत भरते.