शब्दचर्चा: जीवाणू नायट्राइट ‘खातात’ का?

गुहागर: आमच्याकडे कोळंबीच्या तळ्यांवर, अमोनियापासून बनलेल्या नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना ‘नायट्राइट खाणारे बॅक्टेरिया’ असंच म्हणतात. तळेवाल्यांसाठी माहितीपत्रक लिहायचं आहे. ‘खाणारे’ ठेवू की ‘नायट्राइट-ऑक्सिडीकारक’ करू?

रत्नागिरी: ‘खाणारे’ काढाच. खाणं म्हटलं की त्यातून अंग वाढतं असा अर्थ होतो, आणि नायट्राइटमध्ये तर कार्बनच नाही. हे काम करणारा जीवाणू नायट्रोबॅक्टर असो वा नायट्रोस्पायरा, अंगातला कार्बन ते पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात: पहिला केल्विन चक्राने, दुसरा उलट्या क्रेब्ज चक्राने (कार्बन बांधण्याच्या या दोन वेगळ्या रासायनिक वाटा). नायट्राइट हे त्यांचं नुसतं इंधन, तेही हलक्या प्रतीचं. पेशीत इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देऊन ऊर्जा काढणारी प्रथिनांची साखळी असते; नायट्राइटमधले इलेक्ट्रॉन तिच्यात बरेच खाली, सायटोक्रोम-सी या प्रथिनाच्या पातळीला शिरतात. तिथून एनएडीएच (कार्बन बांधायला लागणारा इलेक्ट्रॉन-वाहक रेणू) थेट बनत नाही. काही इलेक्ट्रॉन ऊर्जा खर्चून उलटे वर चढवावे लागतात. वाढ मंद असते ती यामुळे. नव्या, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात अमोनिया उतरला तरी पुढे काही आठवडे नायट्राइट चढंच राहतं, ते याच कारणाने.

या एका शब्दापायी लोक या जीवाणूंना खाऊ घालायचं म्हणून गुळाचं पाणी ओततात! गुळावर वाढतात ते परपोषी, म्हणजे तयार सेंद्रिय अन्नावर जगणारे, जीवाणू. ते अमोनिया अंगात मुरवतात हे खरं, पण ऑक्सिजनही भराभर ओढतात. पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद पडला तर ऑक्सिजनअभावी नायट्राइट आहे तिथेच राहतं.

देवगड: काही नायट्रोबॅक्टर पायरुव्हेट, अ‍ॅसिटेटसुद्धा वापरतात, तेव्हा ‘सेंद्रिय काहीच चालत नाही’ असं लिहू नका. ‘ऑक्सिडीकारक’बद्दलही एक ओळ हवी. नायट्रेटमधला तिसरा ऑक्सिजन अणू पाण्याच्या रेणूतून येतो. विरघळलेला ऑक्सिजन साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन घेतो. तो लागतोच: 1 ग्रॅम नायट्राइट-नत्रामागे (नायट्राइटमधल्या नुसत्या नायट्रोजनच्या वजनामागे) 1.14 ग्रॅम.

गुहागर: मग ‘स्वयंपोषी’, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं अंग बनवणारे, चालेल?

रत्नागिरी: नुसतं ‘स्वयंपोषी’ वाचून लोक उन्हाचा संबंध लावतील. ‘रसायन-स्वयंपोषी’, म्हणजे उन्हाऐवजी रसायनातून ऊर्जा घेणारे, असं लिहा. मथळ्यात मात्र ‘नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू’ असं सरळच असू दे.

दापोली: पत्रकात ‘नायट्राइट’ आणि ‘नायट्राइट-नत्र’ वेगळे ठेवा, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. 1 मिलिग्रॅम नायट्राइट-नत्र म्हणजे सुमारे 3.3 मिलिग्रॅम नायट्राइट. एका किटवर एक छापलेलं, दुसऱ्यावर दुसरं. आकडा एकदम तिपटीने वाढलेला दिसला की माणूस घाबरून पाणी बदलतो. आणि क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) उतरते ती अमोनियाचं नायट्राइट होताना, 1 ग्रॅम अमोनिया-नत्रामागे चुनखडीच्या हिशेबात सुमारे 7 ग्रॅम. नायट्राइटचं नायट्रेट होताना ती जवळपास खर्च होत नाही. म्हणून ‘नायट्राइट चढलं, चुना मारा’ हा सल्ला पत्रकात घेऊ नका. आधी विरघळलेला ऑक्सिजन मोजायला सांगा, तोही पहाटे आणि तळाशी.